बदल मुळावर केले जातील

बाळांनो, मनातल्या मनात एक खोली उभी करा.

फार मोठी नको. एका भिंतीवर पांढरा पडदा, छतापासून जमिनीपर्यंत सोडलेला. पडद्यासमोर एक फिरतं स्टूल. दोन्ही बाजूंना छत्री लावलेले दिवे. एका कोपऱ्यात आरसा, त्याच्या फळीवर कंगवा आणि पावडरीचा डबा. दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्युटर.

झाली उभी?

आता त्या खोलीत दुपारचं ऊन येऊ द्या. कारण ही गोष्ट रात्रीची नाही. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर ही आधी वाचावी. हे घडलं एका रविवारी, भर दुपारी, जेवणं उरकून अख्खी गल्ली आडवी झाली होती तेव्हा.

आणि हे खरं घडलं आहे. ज्या दोघींच्या बाबतीत घडलं, त्यांना वेगवेगळं बसवून विचारलं तरी त्या एकच हकीकत सांगतात. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

त्या दोघींपैकी एक आत्या. फोटो स्टुडिओ तिचाच. दुसरी तिची भाची, पाचवीतली. आईवडील कामापायी दूर, म्हणून पोर लहानपणापासून आत्याकडेच वाढलेली. तिच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या उंचवट्यावर, चहाचा थेंब सांडावा तसा एक तपकिरी डाग होता. जन्मापासूनचा. त्यावरून तिला सगळे ठिपकी म्हणत.

तिला त्याचं वाईट वाटत असेल असं समजू नका. वर्गातला एक मुलगा एकदा म्हणाला होता, गालाला काहीतरी लागलंय, पूस. ठिपकी त्याला म्हणाली, तुझ्या नाकाखाली जे लागलंय ते आधी पूस, मग माझ्याकडे बघू. त्यानंतर वर्गात कोणी तो विषय काढला नाही.

आत्याचं काम लोकांचे फोटो काढायचं आणि मग ते नीटनेटके करायचं. या कामाला टचिंग म्हणतात. ते कसं चालतं हे तुम्हाला कळलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

स्क्रीनवर एक बारीक गोल कडं येतं, अंगठीसारखं. ते कडं पुळीवर न्यायचं आणि माऊसचं बटण दाबायचं. टिक. मग सॉफ्टवेअर काय करतं? शेजारची स्वच्छ कातडी बघतं, तसाच एक तुकडा बनवतं आणि पुळीवर बसवतं. उसनवारीच म्हणा ना. साखर संपली की आपण शेजारी वाटी घेऊन जातो तशी.

आत्या या कामात पटाईत होती. पण तिचा एक नेम होता. आधी फोटोची नक्कल करायची आणि जी काय पुसापुशी करायची ती नकलेवर. खाली मूळ फोटो असतो, तो आहे तसा राहू द्यायचा. ठिपकीला ती कायम सांगायची, माणूस हौसेने काय वाटेल ते पुसायला सांगतो गं, पण मुळाला हात लावायचा नाही.

ठिपकीचा नेम त्याहून कडक होता. माझा डाग नकलेवरही पुसायचा नाही. आत्याने एकदाच पुसला होता, वाढदिवसाच्या फोटोत, चुकून, हाताच्या सवयीने. ठिपकी दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

तर त्या रविवारी सकाळी आत्याने कॉम्प्युटर लावला आणि कपाळाला हात लावला. सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आपलं आपण होऊन बसलं होतं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. पाहुण्याने येऊन स्वयंपाकघरातली सगळी भांडी हलवून ठेवावीत, तशी सगळी हत्यारं इकडची तिकडे गेलेली. जे डावीकडे होतं ते उजवीकडे, जे वर होतं ते कुठेच नाही. आणि पुसायचं कडं तर पार बिघडलेलं. पुळीवर नेलं की थरथरायचं आणि पुळी जाण्याऐवजी तिथे मळकट फराटा उठायचा.

दुसऱ्या दिवशी ठिपकीच्या वर्गाचा फोटो शाळेत द्यायचा होता. आत्या चिडली. तिने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. त्याने झोपेतच सांगितलं की बंद करून चालू करा. आत्या म्हणाली, हे तर मी माझ्या पंख्यालाही सांगते, त्यासाठी तू कशाला हवास? तरी तिने बंद करून चालू केला.

आणि कडं चालायला लागलं.

नुसतं चालायला नाही. सुरेख चालायला लागलं. फराटा नाही, थरथर नाही. एक टिक, की कातडी जन्मजात वाटावी इतकी साफ.

फक्त एक गोष्ट वेगळी होती. स्क्रीनच्या तळाशी, आजवर कधी नव्हती ती, बारीक अक्षरांत एक ओळ आली होती... मराठीत.

ठिपकीने ती मोठ्याने वाचली. "बदल मुळावर केले जातील."

आत्या हसली. म्हणाली, मुळावरच उठलंय मेलं सकाळपासून, निदान मराठीत तरी बोलायला लागलं. आणि तिने कामाला हात घातला.

पहिला फोटो शेजारच्या घड्याळकाकांचा होता, सकाळीच काढलेला, पासपोर्टसाठी. काका घड्याळं दुरुस्त करत. त्यांच्या उजव्या भुवईवर एक जुनी खोक होती, आणि त्या खोकेची एक गोष्ट होती. लहानपणी धाकट्या भावाला सायकलवर घेऊन उतारावरून जाताना मागे कुत्रं लागलं, ब्रेक तुटला, काकांनी भावाला गवतावर ढकललं आणि स्वतः दगडावर पडले. ही गोष्ट ते येईल त्याला सांगत, आणि दर वेळी तिच्यात एक कुत्रं वाढायचं. शेवटचं ऐकलं तेव्हा पाच झाली होती.

आत्याने नेहमीसारखी नक्कल केली आणि त्या खोकेवर कडं नेलं. टिक.

दुपारी काका फोटो न्यायला आले. ठिपकी त्यांच्याकडे बघतच राहिली.

भुवईवर खोक नव्हती.

फोटोत नव्हे. काकांच्या भुवईवर.

आत्याला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. तिने काकांना दाराशी, उन्हात आणलं. भुवई सलग होती, जणू तिला कधी ओरखडाही आला नव्हता. ठिपकीने हळूच विचारलं, काका, ती सायकलची गोष्ट सांगा ना, कुत्र्यांची.

काकांनी भुवईवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. अंधारात हाताने बटण शोधावं तसं.

"कसली सायकल, बाळा?" ते म्हणाले.

ते गेले. जाताना दारात एकदा थांबले, काहीतरी विसरल्यासारखे... आणि मग गेले.

आत्या आत आली. तिने कॅमेरा उघडला. सकाळी काढलेला काकांचा फोटो अजून कॅमेऱ्यात होता. त्या फोटोला तर कोणी हात लावला नव्हता.

त्यातही खोक नव्हती.

आत्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली, तू इथे कशाला हात लावू नकोस, मी त्या दुरुस्तीवाल्याला परत फोन करते. आतल्या खोलीत फोनला रेंज येत नसे, म्हणून ती बाहेर काउंटरपाशी गेली.

ठिपकी आत एकटी राहिली. पंखा बंद होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आणि मग...

टिक.

तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. माऊस टेबलावर पडलेला होता. त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

टिक... टिक.

स्क्रीनवर तिच्या वर्गाचा फोटो उघडा होता. तो आत्याने उघडला नव्हता. कडं पहिल्या रांगेवरून सरकत होतं. सावकाश, बाजारात भाजी निवडावी तसं. एका मुलीच्या पुढच्या दातांत फट होती. टिक. फट गेली. एकाचे कान बाहेर आलेले. टिक, टिक. कान चपटे झाले. ज्याच्या नाकाखाली कायम काहीतरी असायचं, त्याचं नाक तर साफ झालंच, पण नाकही बदललं, शेजारच्यासारखं झालं.

ठिपकीच्या लक्षात आलं की पहिल्या रांगेत आता एकच चेहरा होता. ओळीने, पुन्हा पुन्हा, तोच.

कडं दुसऱ्या रांगेत आलं. दुसऱ्या रांगेत चौथी ठिपकी होती.

तिने माऊस धरून ओढला. कडं जागचं हललं नाही. जोरात आपटला. कडं पुढे सरकलं, तिच्या शेजारणीवर आलं. टिक. ठिपकी टेबलाखाली शिरली आणि तिने भिंतीतला प्लग उपटला.

स्क्रीन काळी झाली.

ठिपकीने श्वास सोडला. वर बघितलं...

काळ्या काचेवर कडं तसंच होतं. बारीक, पांढरं.

मग ते काचेवरून निघालं. काचेच्या कडेपर्यंत आलं, आणि कडेवरून भिंतीवर उतरलं.

भिंतीला एक जुना तडा होता. कडं त्याच्यावरून गेलं. टिक. भिंत कोरी झाली. टेबलावर कपाच्या बुडाचा डाग होता. टिक. आरशाचा एक कोपरा उडालेला होता, तो भरून आला. काही बिघडवत नव्हतं ते, हे लक्षात घ्या. सगळं नीटच करत होतं. आणि म्हणूनच ठिपकीच्या अंगावर काटा आला.

बाहेरून आत्या आली. फोन कोणी उचलला नव्हता. तिने दारातूनच विचारलं की एवढी का घामेजलीस, आणि ठिपकीला जवळ घ्यायला हात पुढे केला.

त्या हाताच्या मनगटावर भाजल्याचा मोठा व्रण होता. ठिपकी रांगती असताना गरम इस्त्री तिच्यावर पडत होती. आत्याने ती उघड्या हाताने वरच्या वर धरली. ठिपकीला झोप आली नाही की ती त्या व्रणावरून बोट फिरवायची. रोजचंच होतं ते.

कडं भिंतीवरून उडालं आणि त्या मनगटावर बसलं.

ठिपकी ओरडेपर्यंत...

टिक.

मनगट गुळगुळीत झालं. आत्याचा पुढे आलेला हात हवेतच थांबला. तिने ठिपकीकडे पाहिलं. गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. रागाने नाही, प्रेमाने नाही. नुसतंच.

"कोणाची गं तू?" तिने विचारलं. "तुझं कोण आलंय बरोबर?"

बाळांनो, अशा वेळी रडू येतं. येणारच. ठिपकीलाही आलं. पण रडू येणं वेगळं आणि हार मानणं वेगळं, हे त्या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं तरी माहीत होतं. तिने नाक ओढलं आणि म्हणाली,

"मी तुझी आहे. थांब जरा, आणते तुला परत."

कडं आता तिच्याकडे वळलं होतं. हवेतून येताना दिसत नव्हतं, पण गालाशी थंड लागलं. डाव्या डोळ्याखाली. डागाभोवती ते नीट बसत होतं, अंगठी बोटात बसवावी तसं. आणि त्या जागी गाल बधिर व्हायला लागला. ठिपकीला एकदम आठवेना, की आपल्याला ठिपकी का म्हणतात.

उसनवारी, ती स्वतःशी म्हणाली. शेजारून घेतं हे. शेजारी असेल तरच घेईल.

काउंटरवर पाकिटांवर नावं लिहायचं काळं स्केचपेन होतं. ती धावली. पेनचं टोपण दातांनी काढलं आणि आरशात न बघताच चेहऱ्यावर ठिपके द्यायला लागली. डागाच्या वर, खाली, नाकावर, कपाळावर, हनुवटीवर, दुसऱ्या गालावर. दाट, एकाला एक लागून. बोटभरही कोरी जागा ठेवली नाही.

कडं तिच्या गालावर फिरायला लागलं. आधी हळू. मग जोरात. उसनी घ्यायला स्वच्छ कातडी मिळेना. ते कपाळावर गेलं, मानेकडे गेलं, ठिपकीने मानेवरही ठिपके दिले. थरथरलं. सकाळी थरथरत होतं तसंच.

मग गालावरचा थंडावा सुटला.

ठिपकी आत आली तेव्हा स्क्रीन पुन्हा उजळली होती. प्लग अजून जमिनीवरच पडला होता. स्क्रीनवर एक चौकट आली होती.

"मुळावरचे बदल कायम ठेवायचे?"

खाली दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं, हो. दुसऱ्यावर... नंतर विचारा.

तिसरं बटण नव्हतंच.

ठिपकीने चौकट दोनदा वाचली. आत्या दाराशी उभी होती, हाताची घडी घालून, ही अनोळखी पोर काय करतेय ते बघत. कडं "हो"वर जाऊन बसलं होतं आणि वाट बघत होतं, सभ्यपणे.

पोरीने माऊसला हात लावला नाही. तिने स्केचपेन उचललं आणि स्क्रीनच्या काचेवरच, या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोरी जागा उरू नये अशा जाड, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

नाही.

कडं उठलं. त्या अक्षरांवरून फिरलं. टिक. अक्षर गेलं नाही. टिक, टिक, टिक... पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. ठिपकी तिथेच उभी राहिली, पेन हातात धरून. जिथे शाई जराशी फिकी वाटली तिथे ती पुन्हा गिरवत होती, आणि पुन्हा. "नाही म्हटलं ना," ती म्हणाली. "मला नंतरही विचारू नकोस."

आवाज थांबला.

स्क्रीन काळी झाली. या वेळी खरोखर काळी. भिंतीत बारीक करकर झाली आणि तडा जिथल्या तिथे परत आला. आरशाचा कोपरा फळीवर टपकला.

आणि मागून आत्याचा आवाज आला. घाबरलेला, रागावलेला, नेहमीचा.

"अगं ठिपके, तोंडाचं काय करून घेतलंस हे?"

ठिपकीने आधी तिचं मनगट हातात घेतलं. व्रण होता. मग मात्र ती रडली, आणि आत्याच्या साडीला इतकी शाई लागली की ती साडी पुढे पुसण्याच्या कामालाच आली.

आता उरलेलं सांगतो.

दुरुस्तीवाला सोमवारी आला. त्याने सांगितलं की या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाहीच, कधी नव्हतं. आणि अपडेटची नोंदही कुठे सापडत नव्हती. आत्याने ते सॉफ्टवेअर काढून टाकायला लावलं. हल्ली ती डाग पुसत नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणते, चेहरा तुमचाच हवा असेल तर बसा.

घड्याळकाकांची खोक परत आली. पण डाव्या भुवईवर. काका शपथेवर सांगतात की ती पहिल्यापासून डावीकडेच होती. सायकलची गोष्टही ते सांगतात, पण तिच्यात आता एकही कुत्रं नसतं. का, ते कोणालाच कळलेलं नाही. आत्या त्यांच्याकडे बघायचं टाळते.

आणि वर्गाचा फोटो पुन्हा उघडलाच नाही. म्हणून तो परत काढायचं ठरलं. शाळेने या वेळी दुसरा फोटोग्राफर बोलावला. माणूस चांगला होता, हसरा. मुलांना त्याने पटांगणात रांगांत उभं केलं. चेहरे सगळे आपापले होते, हे ठिपकीने आधी एकेक करून तपासलं. दातांतली फट होती. बाहेर आलेले कान होते.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं, मान वर केली आणि मायेने म्हणाला, "दुसऱ्या रांगेतली ती मुलगी, चेहरा जरा डावीकडे वळव बाळ. म्हणजे गालावरचं ते दिसणार नाही. राहिलंच तर मी नंतर काढून टाकीन."

सगळ्या वर्गाने ठिपकीकडे पाहिलं. फोटोग्राफरचं बोट अजून बटणावर गेलेलं नव्हतं. तरीही कॅमेऱ्यातून, अगदी बारीक...

टिक.

बाकी कोणी ऐकलं नाही. ठिपकीने ऐकलं. ती रांगेतून बाहेर पडली, पुढच्या पोरांना बाजूला सारत कॅमेऱ्याच्या थेट समोर येऊन उभी राहिली, केस कानामागे सारले आणि डावा गाल त्याच्याकडे पुढे केला.